सदाहरित मैदान

क्लबचं अध्यक्षपद डॉक्टरांकडे आलं तेव्हा मैदानाला टक्कल पडलं होतं. दोन्ही गोलांसमोर गवताचं पातंही उरलं नव्हतं, मधे कुठे कुठे हिरवे पुंजके होते आणि वारा सुटला की अर्धं मैदान उठून शेजारच्या घरांत पाहुणं म्हणून जायचं. सगळ्यात जवळचं घर खुद्द डॉक्टरांचं.

डॉक्टर म्हणजे दातांचे. खालच्या मजल्यावर दवाखाना आणि मागच्या खोलीत त्यांचा संसार. संसार म्हणजे एक पलंग आणि एक कपाट, कारण बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. वरच्या मजल्यावर थोरले भाऊ, वहिनी आणि पुतणी. दोन्ही वेळा जेवायला डॉक्टर वर जायचे. थोरले भाऊ निवृत्त फुटबॉल पंच. जन्मभर त्यांनी मैदानावर शिट्ट्या वाजवल्या, घरात मात्र एकदाही वाजवायची हिंमत केली नाही. वहिनी निवृत्त मुख्याध्यापिका. शाळा सुटली तरी आवाज सुटला नव्हता. पुतणी क्लबच्या मुलींच्या संघाची कप्तान आणि गोलरक्षक. तिला सगळे भिंत म्हणायचे. भिंतीला कान असतात म्हणतात. या भिंतीला तोंडही होतं, पण ती ते क्वचितच उघडायची.

डॉक्टर माणूस सरळ होता. पाणी वाया गेलेलं त्यांना बघवत नसे. रोग्यानं चूळ भरताना नळ जरा जास्त सोडला तरी ते हात लांब करून तो बंद करायचे. आणि इथे त्यांच्या खिडकीबाहेर क्लबचा पंप सकाळ-संध्याकाळ घरघरत होता, गल्लीतले नळ कोरडे असताना मैदानावर फवारे उडत होते, आणि इतकं पाणी पिऊनही गवत मरतच होतं. शिवाय त्या गवताला खत लागे, कापायला पेट्रोलचं यंत्र लागे, आणि तण मारायला औषध. मैदानाचा माळी, ज्याला सगळे गवत्या म्हणत, तोंडाला फडकं बांधून ते औषध फवारायचा. वाऱ्यानं ते वहिनींच्या गच्चीतल्या कुंड्यांपर्यंत जायचं आणि वहिनींची रोपटी माना टाकायची. नैसर्गिक गवताचा असा सगळा सोज्वळ कारभार होता.

म्हणून टर्फ, म्हणजे प्लास्टिकचं गवत, विकणाऱ्या कंपनीचा माणूस हातात हिरव्या गालिच्याचा तुकडा घेऊन दवाखान्यात आला, तेव्हा डॉक्टरांना तो देवासारखा भेटला. याला पाणी नको, खत नको, औषध नको. कापायला नको. पात्यांच्या बुडाशी जुन्या टायरांचा बारीक चुरा पसरायचा, म्हणजे कचऱ्याचंही सोनं. माहितीपत्रकावर प्लास्टिकच्या पात्यावर बसलेलं फुलपाखरू होतं. डॉक्टरांनी तुकड्यावरून बोटं फिरवली. त्यांचं नाव झालं होतं ते कवळ्यांमुळे. त्यांनी बसवलेली कवळी लावून माणसं कणसं खात असत. खरं गेलं म्हणून रडत बसू नये, चांगलं नकली बसवावं, हे त्यांचं धंद्यातलंच नव्हे तर आयुष्यातलं मत होतं.

क्लबच्या बैठकीत त्यांनी हे मांडलं आणि वहिनी उभ्या राहिल्या. त्यांनी माती, गांडुळं, पाखरं आणि येणाऱ्या पिढ्या यांबद्दल बराच वेळ सांगितलं. शेवटी त्यांनी गवत्याला पुढे बोलावलं, कारण मातीशी नातं असलेला माणूस मातीचीच बाजू घेईल याबद्दल त्यांना खात्री होती. गवत्या टोपी काढून म्हणाला की टाका प्लास्टिक, माझी कंबर गेलीय. ठराव मंजूर झाला.

त्या रात्री डॉक्टर जेवायला वर गेले तर पानात काहीच वाढलेलं नव्हतं. दिवाणखान्यातल्या टेबलावर शोभेला ठेवलेली द्राक्षं वहिनींनी पुसून त्यांच्यापुढे ठेवली होती.

“घ्या भाऊजी,” त्या म्हणाल्या. “किडत नाहीत, पाणी लागत नाही, बारा महिने हिरवीगार.”

थोरल्या भावांनी पानातून मान वर केली नाही. भिंतीनं आपल्या ताटातलं अर्धं जेवण काकांच्या पानात सरकवलं आणि घरातली पहिली फेरी बरोबरीत सुटली.

टर्फ बसलं. खरं सांगायचं तर ते सुंदर दिसत होतं. दवाखान्याच्या खिडकीतून डॉक्टर त्याच्याकडे बघत राहायचे, आणि खुर्चीवर आ वासून बसलेल्या रोग्यालाही मान वळवून बघायला लावायचे. पाणीबचतीसाठी क्लबला पर्यावरण पुरस्कार जाहीर झाला. तो द्यायला पालिकेचे सभापती आले. भर दुपारची वेळ होती. डॉक्टरांनी भाषणात आग्रह केला की साहेबांनी या हिरवळीवर अनवाणी चालून तिचा मऊपणा अनुभवावा. सभापतींनी हसत बूट-मोजे काढले, कॅमेऱ्यांकडे बघत पहिलं पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि मग त्यांना पावलं टाकायची नव्हे तर उचलायची घाई झाली. ते मैदानाच्या मध्यापर्यंत गेले होते, त्यामुळे परत येणंही तेवढंच लांब होतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्राखाली छापून आलं की सभापतींना आनंदाच्या भरात नाचायचा मोह आवरला नाही.

तेव्हापासून खेळाआधी टर्फवर पाणी मारायची पद्धत पडली. नाहीतर तापलेल्या टर्फवर बुटांचे तळवे मऊ पडत आणि घसरून पडलेल्या मुलीच्या मांडीची साल निघे. बंद केलेला पंप पुन्हा सुरू झाला. गवताला सकाळ-संध्याकाळ पाणी लागत होतं. याला दुपारी, आणि सामना असेल तर मध्यंतरातही. डॉक्टरांनी त्याला शीतकरण हा शब्द योजला आणि क्लबच्या अहवालात पाणीबचतीच्या खालीच शीतकरणाचा परिच्छेद घातला. शब्द वेगळा असल्यानं दोघांची गाठ पडली नाही.

टायरचा चुरा मात्र शब्दांत मावेना. तो मोज्यांतून, बुटांतून, केसांतून घरोघरी गेला. भिंतीच्या अंथरुणात काळे दाणे, कपडे धुवायच्या यंत्रात काळे दाणे. वहिनी रोज सकाळी जिन्यावरून ते केरसुणीनं गोळा करून दवाखान्याच्या दारात नीट ढीग करून ठेवायच्या. एकदा संघातल्या एका मुलीचा दात दुखत होता म्हणून डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसवलं. दाढेत स्पष्ट काळा ठिपका. कीड खोलवर गेलीय, असं त्यांनी तिला गंभीरपणे सांगितलं, यंत्र हातात घेतलं, आणि तेवढ्यात मुलीनं चूळ भरली. कीड भांड्यात पडली. डॉक्टरांनी चिमट्यानं ती उचलून बघितली. टायरचा दाणा होता. मग त्यांनी मुलीला मोफत घरी पाठवलं आणि झाल्या गोष्टीची वाच्यता करू नको म्हणाले. ती मुलगी भिंतीची जिवलग मैत्रीण होती, हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

पुढे पावसाळा आला. जुनं मैदान कितीही टकलं असलं तरी पाणी प्यायचं. नवं मैदान पाण्याला थाराच देईना. पाणी जायला खालून काढलेल्या नळ्या चुऱ्यानं भरल्या आणि सगळं पाणी उतार शोधत निघालं. उतार दवाखान्याकडे होता. एका सकाळी डॉक्टर उठले तर रोग्यांची खुर्ची बेटासारखी उभी आणि भोवती काळ्या दाण्यांची साय आलेलं पाणी. उरलेलं पाणी मागच्या ओढ्यात गेलं. ओढ्यातून कुठं गेलं, ते ओढ्यालाच ठाऊक. कंपनीच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला की काळजी करू नका, थोडा चुरा वाहून जातोच, दरवर्षी वरून भर घालायची. डॉक्टरांना विचारावंसं वाटलं की वाहून गेलेला कुठं जातो. पण माणूस कधीकधी प्रश्न विचारत नाही, कारण उत्तर आपल्याला ठाऊक असतं. त्यांनी खराट्यानं पाणी बाहेर लोटायला सुरुवात केली. थोरले भाऊ खाली आले, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि दुसरा खराटा घेतला.

त्याच पावसाळ्यानंतर कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ, जिथे प्लास्टिकच्या दोन पट्ट्या जोडल्या होत्या, तिथे गवत उगवलं. खरं. कुठून धूळ आली, कुठल्या पाखरानं बी टाकलं, देव जाणे, पण चांगलं बोटभर उंच वाढून ते प्लास्टिकच्या वर डोकावलं.

वहिनींना स्वर्ग दोन बोटं उरला. त्यांनी एव्हाना हिरवळ बचाव मंच काढला होता. मंचानं गल्लीच्या तोंडाशी मोठा फ्लेक्स लावला, ‘प्लास्टिक हटवा’; फ्लेक्स उत्तम प्रतीच्या प्लास्टिकचा होता, कारण कापडी पावसात टिकत नाही. मंचाच्या प्रत्येक सभासदाच्या छातीवर हिरव्या पानाचा बिल्ला, तोही प्लास्टिकचाच. भिंतीनं हे एकदा आईच्या लक्षात आणून दिलं होतं. त्यावर वहिनी म्हणाल्या की साधन आणि साध्य यांत फरक असतो.

क्लबनं गवत्याला हुकूम दिला की टर्फवरचं गवत मारायचं. गवत्या पुन्हा तोंडाला फडकं बांधून तेच औषध फवारू लागला. आता तो माळी नव्हता. क्लबनं त्याला पृष्ठभाग व्यवस्थापक असं पद दिलं होतं आणि छातीला तसं नाव लावलं होतं. गवत वाढवण्यासाठी नेमलेला माणूस मैदान गवतासारखं दिसावं म्हणून खरं गवत मारतो, यात त्याला स्वतःला काही वावगं वाटत नव्हतं. कंबर मात्र तेवढीच दुखत होती. वहिनींच्या कुंड्यांनी पुन्हा माना टाकल्या.

अशी काही वर्षं गेली. टर्फची पाती चपटी झाली, मग तुटली, शिवणी उसवल्या. भिंतीच्या दोन मैत्रिणींचे पाय त्या शिवणीत अडकून मुरगळले. कंपनीचा माणूस नवा तुकडा घेऊन आला. दुसऱ्या पिढीचं टर्फ. डॉक्टरांनी या वेळी त्याला आधीच एक प्रश्न विचारला: जुन्याचं काय करायचं?

तो हसून म्हणाला की त्याचा पुनर्वापर होतो. कुठे, तर दुसऱ्या एका देशात. मग जुनं टर्फ उचलून त्याच्या अजस्र वळकट्या करण्यात आल्या, दोन ट्रक भरून रवाना झाले आणि काही दिवसांनी तेच ट्रक तेच ओझं घेऊन परत आले. तो कारखाना अजून बांधायचा होता.

डॉक्टर पालिकेत गेले. ओल्या कचऱ्याच्या खिडकीवरचा बाबू म्हणाला की हे प्लास्टिक आहे, सुक्याकडे जा. सुक्याच्या खिडकीवरच्यानं वळकटीचा नमुना झटकला, टेबलावर वाळू, माती, चुरा आणि एक गांडूळ पडलं. यात जीव आहे, तो म्हणाला, ओल्याकडे जा. डॉक्टर दिवसभर ओलं-सुकं करत राहिले. शेवटी वळकट्या त्यांच्याच बोळात येऊन पडल्या, कारण अध्यक्ष तेच होते. दवाखान्यात यायचं तर रोग्यांना आता आडवं चालावं लागे. डॉक्टर येणाऱ्या प्रत्येकाला दात काढल्यावर टर्फची एक पट्टी भेट देऊ लागले. कुणी ती गच्चीत घातली, कुणी गाडीत, कुणी कुत्र्याच्या खोपट्यात. कुत्रं बाहेर झोपू लागलं. लवकरच गावात पट्टी नको असलेली माणसं दातदुखी सोसू लागली.

इकडे नवं टर्फ बसायच्या आत क्लबमध्ये वारं फिरलं, वहिनींचा मंच निवडून आला आणि वहिनी अध्यक्ष झाल्या. वहिनींनी खऱ्या हिरवळीची योजना मांडली. तज्ज्ञ आले. त्यांनी सांगितलं की इथली माती आता कामाची नाही, तिच्यात चुरा मुरलाय. बाहेरून सुपीक माती आणायची. ती कुठून आणायची, तर कुणाच्या तरी शेतातून. गवत इथलं नको, परदेशी बी पेरायचं, ते एकसारखं वाढतं. त्याला दिवसातून तीनदा पाणी, पाखरांनी बी खाऊ नये म्हणून जाळं, आणि गांडुळं वर येऊन माती उकरतात म्हणून गांडुळांवर औषध. वहिनी गांडुळांच्या औषधापाशी जरा अडखळल्या. पण तज्ज्ञ म्हणाले की नाजूक हिरवळीला एवढं करावंच लागतं. शिवाय मुळं धरेपर्यंत तिच्यावर कुणी पाऊल ठेवायचं नाही. मैदानाभोवती कुंपण घातलं आणि पाटी लावली, ‘गवतावर चालू नये’.

डॉक्टरांच्या गटानं कोर्टातून स्थगिती आणली. अर्धी माती पडली होती, अर्धी यायची होती. पुढे कितीतरी दिवस क्लबच्या सभा त्या मैदानातच खुर्च्या मांडून भरल्या. मैदानाचा तेवढाच उपयोग उरला होता. नैसर्गिकवाले एका बाजूला, कृत्रिमवाले दुसऱ्या बाजूला. दोघांकडे पर्यावरणाच्या हानीचे आकडे होते आणि दोन्हींचे आकडे खरे होते, त्यामुळे कुणालाच हरता येत नव्हतं.

मुली कुठे खेळतात, हे विचारायचं दोन्ही गटांच्या राहून गेलं.

ते सुचलं थोरल्या भावांमुळे. एका रविवारी नाश्त्याला भिंत नव्हती. वहिनींनी चौकशी केली तेव्हा भाऊ म्हणाले की सामना आहे, मीच पंच आहे, निघतोय. आणि कपाटातून शिट्टी काढून ते खरोखरच निघाले. दीर आणि भावजय दोघंही चपला घालून त्यांच्या मागे गेले. वाटेत खड्डा आला तेव्हा डॉक्टरांनी हात दिला आणि वहिनींनी तो घेतला.

पाण्याच्या टाकीमागे उघडं माळरान होतं. तिथे शेळ्या चरत असत. खरं तर त्या वेळीही चरत होत्या, फक्त मुलींनी त्यांना एका कडेला हाकललं होतं. जमीन उंचसखल, गवत दहा जातींचं, कुठे घोट्यापर्यंत, कुठे खुरटं, मधे पिवळी रानफुलं. गोलाच्या जागी दोन-दोन दगड. चेंडू एका बाजूला मारला की भलतीकडेच उडायचा आणि मुली हसत त्याच्यामागे धावायच्या. कुणी पाणी मारत नव्हतं, कुणी कापत नव्हतं. कापायचं काम शेळ्या करत होत्या आणि खताचंही. भिंत दगडांच्या मधे उभी होती, गुडघ्यांना माती, कोपराला चिखल. एक चेंडू जोरात आला, तिनं आडवी उडी मारून तो धरला, गवतावर लोळली आणि उठून चेंडू फेकला. साल निघाली का म्हणून तिनं पायाकडे बघितलंसुद्धा नाही.

डॉक्टरांना आठवेना की क्लबच्या मैदानावर कुणाला असं हसताना त्यांनी शेवटचं कधी ऐकलं होतं. शेजारी वहिनींनी पदरानं नाक पुसलं. क्षणभर दोघांच्या मनात काहीच नव्हतं. पण सवय वाईट.

“उतार चांगला आहे,” डॉक्टर हळूच म्हणाले. “नळ्या टाकल्या तर पाणी सहज निघून जाईल.”

“आधी ही दगडमाती उचलायला हवी,” वहिनी म्हणाल्या. “आणि त्या शेळ्या.” त्यांनी पिशवीतून मोजायची फीत काढली. डॉक्टरांनी दुसरं टोक धरलं. कित्येक वर्षांत दोघांनी मिळून केलेलं ते पहिलं काम होतं.

भिंतीनं ते पाहिलं. तिनं हात वर करून खेळ थांबवला आणि धावत आली. धापा टाकत ती उभी राहिली, फितीकडे बघितलं, आईकडे बघितलं, मग काकांकडे.

“काका, जपून,” ती म्हणाली. “साप आहेत इथं.”

“साप?” डॉक्टरांनी पाय उचलला.

“पुष्कळ. आम्ही आहोत म्हणून बिळात आहेत. मोठी माणसं बघितली की बाहेर येतात.”

तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मागे तिच्या संघातल्या अर्ध्या मुली अनवाणी उभ्या होत्या. एक तर गवतात चक्क उताणी पडून आकाश बघत होती. पलीकडे थोरले भाऊ हातात शिट्टी घेऊन वाट बघत होते, आणि त्यांनी ती तोंडाशी नेली नाही, पण नेतील असं वाटत होतं.

डॉक्टरांनी पुतणीकडे नीट बघितलं. तिच्या डोळ्यांत थट्टा नव्हती. विनंती होती, आणि विनंती नाकारली तर काय होईल तेही होतं. त्यांनी फितीचं टोक सोडलं. फीत सर्रकन वहिनींच्या हातात परत गेली.

“चला वहिनी,” ते म्हणाले. “ही जागा आपल्या कामाची नाही.”

वहिनी लगेच हलल्या नाहीत. त्यांनी लेकीच्या गुडघ्यावरची माती पुसायला हात पुढे केला, मग मागे घेतला. फीत पिशवीत टाकून त्या वळल्या. थोडं दूर गेल्यावर पाठीमागे शिट्टी वाजली, लांब आणि खणखणीत, आणि दोघंही दचकले.

पण अशी गोष्ट लपत नाही. पुढच्या सभेत एका सभासदानं उठून सांगितलं की टाकीमागे पालिकेची मोकळी जागा पडून आहे, क्लबनं ती ताब्यात घेऊन तिचा विकास करावा. टर्फ की हिरवळ ते मागाहून ठरवू. दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजल्या. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच सभा खुलली होती. अध्यक्ष म्हणून वहिनींनी जागेची माहिती असणाऱ्यांना बोलायला सांगितलं आणि त्या दिराकडे बघत राहिल्या.

डॉक्टर उठले. जन्मात त्यांनी रोग्याला ‘दुखणार नाही’ म्हणण्यापलीकडे खोटं सांगितलं नव्हतं.

“त्या जागेत साप आहेत,” ते म्हणाले.

कुणीतरी विचारलं की कोणत्या जातीचे. सापांतलं डॉक्टरांना ओ की ठो कळत नव्हतं. त्यांच्या ओळखीचे दात सगळे माणसांचे होते.

“विषारी,” ते म्हणाले. थोडं थांबून त्यांनी पुस्ती जोडली, “फार.”

सभा चुळबुळली. विरोधी बाजूनं पुराव्याची मागणी होणार, एवढ्यात अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. मुख्याध्यापिकेचा तोच जुना आवाज सगळ्या मैदानावर पसरला.

“मी स्वतः पाहिलेत,” वहिनी म्हणाल्या. “एक तर माझ्या पायावरून गेला.”

टाकीमागच्या जागेत क्लबच्या कुणाही सभासदानं, कोणत्याही कारणानं, पाऊल ठेवू नये, असा ठराव त्या दिवशी एकमतानं मंजूर झाला. क्लबच्या इतिहासात एकमतानं झालेला तो पहिलाच ठराव.